गरिबांच्या हार्वर्डमधले ऑनर्स कॉलेज

अमेरिकेतल्या व्हॅल्परेझो विद्यापीठाचे ख्राइस्ट कॉलेज १९६७ साली सुरू झाले. पण संस्थेची हकीकत त्या सालापासून सांगायला घेतली, तर ती अशीच का घडली याचा उलगडा होत नाही. हुशार मुलांसाठी वेगळे कॉलेज काढायचे म्हणजे निवड आली, आणि निवड आली की कोणाला तरी दाराबाहेर ठेवणे आले. या विद्यापीठाची पुण्याई मात्र जमली होती ती येईल त्याला आत घेण्यातून. ऑनर्सचा अभ्यासक्रम काढताना त्याला आपल्याच परंपरेशी तडजोड करावी लागली. त्या तडजोडीच्या खुणा अभ्यासक्रमात आजही सापडतात, असे माझे मत आहे. म्हणून आधी जरा मागे जातो.

शिकागोच्या आग्नेयेला पन्नासेक मैलांवर, लेक मिशिगनच्या वाळूच्या टेकड्यांपासून जवळच व्हॅल्परेझो हे गाव आहे. इंडियाना राज्यातल्या पोर्टर काउंटीचे ते मुख्य ठिकाण. काउंटीला नाव आरमारी अधिकारी डेव्हिड पोर्टर यांचे, आणि गावाला नाव १८१४ साली चिलीच्या ज्या बंदरापाशी पोर्टर इंग्रजांकडून हरले त्या बंदराचे. हरलेल्या लढाईचे नाव इतक्या हौसेने मिरवणारे गाव विरळाच. इथे १८५९ साली मेथडिस्ट पंथाच्या मंडळींनी मुलामुलींचे एकत्र कॉलेज काढले. मुलींना मुलांच्या बरोबरीने उच्च शिक्षण देणाऱ्या त्या देशातल्या पहिल्या काही संस्थांत त्याची गणना होते. यादवी युद्धाने त्याची रया गेली आणि १८७१ मध्ये ते बंद पडले.

दोन वर्षांनी, १८७३ मध्ये, हेन्री बेकर ब्राउन नावाच्या तरुण शिक्षकाने रिकाम्या इमारतीत शिक्षक तयार करणारी शाळा उघडली. ब्राउन यांची युक्ती साधी होती : फी कमी, जेवणखाण स्वस्त, प्रवेशाची अट जवळजवळ नाही. आदल्या शिक्षणाचे कागद नसले तरी चाले. शेतावरची मुले, खाणकामगारांची मुले, समुद्रापलीकडून नुकतीच आलेली मुले तिथे लोटली. १८८१ पासून ऑलिव्हर पेरी किन्सी त्यांच्या जोडीला आले. शिकवण्याची बाजू ब्राउन यांची, तर खानावळ, वसतिगृहे आणि हिशेब किन्सींचे. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात विद्यार्थिसंख्या पाच हजारांच्या वर गेली आणि लोक या संस्थेला ‘गरिबांचे हार्वर्ड’ म्हणू लागले. १९०६ साली तिचे विद्यापीठ झाले. पुढे सिनेटर म्हणून गाजलेले जॉर्ज नॉरिस इथलेच, आणि लॉरेन्स ऑफ अरेबियाला जगभर प्रसिद्धी देणारे पत्रकार लॉवेल थॉमसही इथलेच.

खासगी संस्थेचे नशीब चालकाच्या तब्येतीला बांधलेले असते. १९१२ मध्ये ब्राउन अंथरुणाला खिळले, १९१७ मध्ये गेले. पहिल्या महायुद्धात तरुण मुले सैन्यात गेली. सरकारी विद्यापीठे आणि हायस्कुले वाढली, तशी बिनअटीच्या प्रवेशाची किंमतही घटली. कर्ज साचले. १९२३ च्या उन्हाळ्यात हे विद्यापीठ विकत घ्यायला चक्क कू क्लक्स क्लॅन पुढे आली! त्या काळात इंडियानात क्लॅनचे प्रस्थ प्रचंड होते. सौदा जवळजवळ ठरला होता, पण क्लॅनला पैसा उभा करता आला नाही. परक्या मुलुखातून आलेल्यांना शिकवणारी शाळा परक्यांचा द्वेष करणाऱ्या टोळीच्या हातात जाता जाता वाचली, ती कोणाच्या तत्त्वनिष्ठेमुळे नव्हे तर पैशाच्या अडचणीमुळे. गौरवग्रंथांत हा प्रसंग आटोपशीर सांगण्याकडे कल असतो. तो ठळक सांगायला हवा असे मला वाटते, कारण त्यानंतर आलेल्यांना संस्थेची किंमत नेमकी कळली होती.

१९२५ मध्ये ल्युथरन धर्मगुरू आणि सामान्य ल्युथरन लोकांनी एक मंडळ स्थापून ही मालमत्ता घेतली. हे बहुतेक जर्मन वंशाचे, मिसूरी सिनड या कडव्या शिस्तीच्या पंथशाखेतले लोक. तरी त्यांनी एक दूरदृष्टीची गोष्ट केली. विद्यापीठ सिनडच्या नावावर न करता आपल्या स्वतंत्र मंडळाकडे ठेवले. ती धर्माची संस्था होती, पण धर्मपीठाची नव्हती. त्या वेळी ही कागदोपत्री बाब वाटली असेल. तिची खरी किंमत पन्नास वर्षांनी कळली.

१९४० साली ओटो पॉल क्रेट्झमन अध्यक्ष झाले. सगळे विद्यापीठ त्यांना ‘ओ. पी.’ म्हणे. ते मूळचे पाद्री. ल्युथरन युवक संघटनेचे काम करता करता ते इकडे आले. ‘द क्रेसेट’ या साहित्य, कला आणि समाजजीवनावर ल्युथरन दृष्टीने लिहिणाऱ्या मासिकाशी १९३७ मध्ये ते सुरू झाल्यापासून त्यांचा संबंध होता, आणि त्यातले त्यांचे सदर वर्षानुवर्षे आवडीने वाचले गेले. ख्रिस्ती विद्यापीठाने पंथाच्या कुंपणात न बसता आधुनिक जगाशी भिडावे, ही त्यांची धारणा पदग्रहणाच्या भाषणापासून दिसते. ते २८ वर्षे त्या खुर्चीवर होते.

त्या काळातली एक हकीकत इथे सांगण्याजोगी आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर अभियांत्रिकीचा पूर्ण अभ्यासक्रम विद्यापीठाला सुरू करायचा होता, पण इमारत नव्हती आणि पैसा नव्हता. तेव्हा अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांनी स्वतःच ती बांधली. पाया खणण्यापासून विटा रचण्यापर्यंत सगळे काम मुलांनी केले. त्यावर पुढे चित्रपटही निघाला. १९५६ मध्ये जुने सभागृह आगीत भस्म झाले. त्याच्यानंतर १९५९ मध्ये उभे राहिलेले ‘चॅपल ऑफ द रिझरेक्शन’ हे कॉलेजांच्या आवारांतल्या जगातल्या मोठ्या प्रार्थनागृहांपैकी एक आहे. सकाळच्या तासांमध्ये प्रार्थनेसाठी वेळ मोकळा ठेवलेला असतो, हजेरी घेतली जात नाही. आपल्याकडच्या मिशनरी कॉलेजांत शिकलेल्यांना यात ओळखीचे काही सापडेल, आणि हजेरी नाही हे वाचून थोडा हेवाही वाटेल.

आता ऑनर्सकडे. आपल्याकडची ऑनर्स पदवी इंग्रजांच्या धाटणीची : एकच विषय धरायचा आणि त्यात खोल जायचे. अमेरिकेत ही कल्पना दोन वाटांनी गेली. १९२२ पासून पेनसिल्व्हेनियातल्या क्वेकरांनी स्थापलेल्या स्वार्थमोर कॉलेजात फ्रँक एडलॉट यांनी निवडक विद्यार्थ्यांना हजेरी आणि चाचण्यांच्या रहाटगाडग्यातून सोडवले, छोट्या चर्चागटांत बसवले आणि शेवटी बाहेरचे परीक्षक बोलावले. एडलॉट ऱ्होड्स शिष्यवृत्तीवर ऑक्सफर्डला शिकून आलेले, आणि हा कित्ता तिथलाच. दुसरी वाट कोलंबिया विद्यापीठाची. तिथे १९२० मध्ये जॉन अर्स्किन यांनी अभिजात ग्रंथ आठवड्याला एक या गतीने वाचून त्यांवर गोल बसून बोलण्याचा वर्ग काढला. पहिल्या वाटेत खोली होती, दुसरीत विस्तार. १९५७ मध्ये रशियाने स्पुटनिक सोडला आणि अमेरिकेला आपली हुशार मुले वाया जाताहेत अशी धास्ती बसली. मग राज्याराज्यांच्या विद्यापीठांत ऑनर्सचे पीक आले. बऱ्याच ठिकाणी ते दुकानाच्या दर्शनी काचेसारखे होते. चांगल्या गुणांची मुले शिष्यवृत्ती देऊन आणायची, वर्ग लहान ठेवायचे, जाहिरातीत नाव छापायचे आणि बाकीचे विद्यापीठ होते तसेच चालू द्यायचे.

व्हॅल्परेझोला हे जमणे कठीण होते. गाव लहान, विद्यापीठ लहान, आणि ज्या घरांतून देणग्या येत ती घरे मध्यपश्चिमेतल्या शेतकऱ्यांची, कारागिरांची, शिक्षकांची. त्यांच्या पैशातून काही मोजक्यांचे लाड कसे करायचे? क्रेट्झमन यांच्या कारकिर्दीच्या अगदी शेवटी, १९६७ मध्ये, ख्राइस्ट कॉलेज उघडले आणि रिचर्ड बेप्लर त्याचे पहिले डीन झाले. बेप्लर धर्मशास्त्राचे प्राध्यापक. विद्यापीठाचा विस्तृत इतिहासही पुढे त्यांनीच लिहिला, तो २००१ मध्ये प्रसिद्ध झाला. नव्या कॉलेजला स्वतःचा डीन, स्वतःचे शिक्षक आणि म्यूलर हॉल ही स्वतःची इमारत मिळाली. पण विद्यार्थी केवळ त्याचे नव्हते. ख्राइस्ट कॉलेजात यायचे तर दुसऱ्या कुठल्या तरी कॉलेजातही नाव हवे : अभियांत्रिकी, परिचर्या, वाणिज्य, कला-विज्ञान, कुठलेही. पूल बांधायला शिकणारा मुलगा आणि रुग्णसेवा शिकणारी मुलगी प्लेटो वाचायला एका टेबलाशी येत आणि तास संपला की आपापल्या प्रयोगशाळेत परत जात. मानव्यविद्येची स्वतंत्र पदवी ख्राइस्ट कॉलेजने बऱ्याच नंतर देऊ केली. वेगळी ओळ काढायची, पण पंगत तोडायची नाही, असे या व्यवस्थेचे सार म्हणता येईल.

पहिल्या वर्षाचा अभ्यासक्रम हा या कॉलेजचा गाभा. पहिल्या सत्रात तो इतका वेळ मागतो की एरवीचे दोन विषय त्यात सहज मावावेत. प्लेटो, बायबल, ऑगस्टिन, शेक्सपिअर. आणि काळाच्या ओघात आशियाई परंपरांतले ग्रंथही. एका बैठकीत पंधरावीस जण. शिक्षक शेजारी बसतो, फळ्यापुढे उभा राहत नाही. निबंध मात्र भरपूर लिहावे लागतात आणि ते लाल होऊन परत येतात. शाळेत पहिले नंबर काढलेल्या मुलांना हा पहिला फटका असतो. इथपर्यंतचे सगळे अमेरिकेतल्या दुसऱ्या ऑनर्स कॉलेजांतही सापडेल.

जे सहसा सापडत नाही ते नाटक. पहिल्याच सत्रात, एकमेकांची नावे पुरती पाठ होण्याआधी, नव्या तुकडीने मिळून एक संपूर्ण संगीत नाटक लिहायचे, बसवायचे आणि रंगमंचावर करून दाखवायचे. ग्रंथांतून निघालेला एखादा प्रश्न विषय म्हणून घ्यायचा. संहिता त्यांची, गाणी त्यांची, चालीही त्यांच्याच. नेपथ्य, कपडे, दिवे, वाद्यवृंद, तिकिटे, भित्तिपत्रके, सगळ्याला माणसे लागतात आणि तुकडीतल्या प्रत्येकाला कशात तरी असावेच लागते. ‘मला गाता येत नाही’ म्हणून सुटका नाही. रंगाचा ब्रश हातात येतो. आपल्याकडच्या एकांकिका स्पर्धांची धावपळ ज्यांनी केली आहे त्यांना इथली दृश्ये समजावून सांगायला नकोत : रात्री उशिरापर्यंत तालीम, ऐनवेळी कापलेला तिसरा प्रवेश, लेखक आणि दिग्दर्शक यांचे न बोलणे, आणि प्रयोगानंतर सगळ्यांनी गळ्यात पडणे. फरक इतकाच की आपल्याकडे हा हौशी मुलांचा उद्योग असतो, हजेरी बुडवून केलेला, तर इथे तोच अभ्यासक्रम आहे. गणितात पैकीच्या पैकी मिळवणाऱ्या मुलीला इथे कळते की तिच्या वर्गातल्या कोणाला तरी भिंत उभी करता येते आणि तिला येत नाही. हुशारीची उतरंड इतक्या लवकर आणि इतक्या गमतीत मोडणारी दुसरी युक्ती मला तरी माहीत नाही.

वसंतसत्रात नाटकाची जागा वाद घेतो. ऑक्सफर्ड युनियन या वादसभेच्या पद्धतीने ठराव मांडला जातो, बाजूने आणि विरुद्ध वक्ते उभे राहतात, सभागृहातूनही बोलता येते. ऑक्सफर्डचा असा उघड कित्ता इंडियानाच्या मक्याच्या शेतांत जरा नाटकी वाटतो, हे खरे. पण काही महिन्यांपूर्वी ज्यांच्याबरोबर पडदे रंगवले त्यांच्याविरुद्ध भर सभेत बोलायचे आणि दुसऱ्या दिवशी त्यांच्याच शेजारी जेवायचे, ही सवय या वयात लागली तर पुढे फार उपयोगी पडते.

कॉलेजची सुरुवातीची वर्षे शांततेची नव्हती. १९७० च्या मे महिन्यात, केंट स्टेट विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांवर झालेल्या गोळीबारानंतर देशभर विद्यार्थी पेटले असताना, इथला किन्सी हॉल जळाला. ज्या किन्सींनी गरीब मुलांच्या खानावळीचे हिशेब सांभाळले होते, त्यांचेच नाव त्या इमारतीला होते. पाठोपाठ १९७४ मध्ये मिसूरी सिनडमध्ये मोठी फूट पडली. बायबलचा अर्थ ऐतिहासिक पद्धतीने लावावा की नाही यावरून सेंट लुइसच्या धर्मविद्यालयातले बहुसंख्य प्राध्यापक आणि विद्यार्थी बाहेर पडले. सिनडच्या मालकीच्या संस्थांना बाजू घेणे भाग पडले. व्हॅल्परेझो सिनडच्या मालकीचे नसल्याने वाचले. १९२५ चा तो कागद इथे कामी आला. धर्मग्रंथावर मोकळेपणी वाद घालणारे कॉलेज त्या वावटळीत टिकले, याचे श्रेय अध्यापकांना जितके, तितकेच त्या जुन्या ल्युथरन व्यवहारज्ञानालाही द्यायला हवे.

पुढच्या पिढीतले मोठे नाव मार्क श्वेन. ते शिकागो विद्यापीठात शिकवत होते. शिकवण्यापेक्षा संशोधनाला मान देणाऱ्या तिथल्या संस्कृतीशी त्यांचे पटेना. १९८० च्या दशकात ते व्हॅल्परेझोला आले आणि पुढे ख्राइस्ट कॉलेजचे डीन झाले. १९९३ मध्ये ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसने काढलेल्या ‘एक्झाइल्स फ्रॉम ईडन’ या त्यांच्या पुस्तकात त्यांनी समाजशास्त्रज्ञ मॅक्स वेबरशी उघड वाद घातला आहे. विद्वत्ता म्हणजे केवळ ज्ञाननिर्मिती नव्हे. नम्रता, श्रद्धा, स्वतःला विसरण्याची तयारी आणि स्नेह हे गुण नसतील तर एकत्र शिकणेच होत नाही, असे त्यांचे म्हणणे. पुस्तक छोटे आहे, पण ख्रिस्ती कॉलेजांत काय असावे या चर्चेत अमेरिकेत ते वारंवार येते. मला त्यात एक गोष्ट खटकते. शिकागोसारख्या संशोधनाच्या विद्यापीठावर श्वेन जरा जास्तच टाकतात, आणि ज्या ग्रंथालयांच्या आणि शोधनिबंधांच्या जिवावर लहान कॉलेजे शिकवतात ती कोणी उभी केली, हा हिशेब मागे पडतो. पण एका डीनने आपल्या कॉलेजची बाजू इतक्या गांभीर्याने पुस्तकात मांडावी, हे दुर्मिळ आहे.

१९९१ मध्ये लिली एंडाउमेंटच्या पैशातून ‘लिली फेलोज प्रोग्रॅम’ इथे सुरू झाला. नव्याने पीएच. डी. झालेले तरुण काही वर्षे व्हॅल्परेझोत येऊन शिकवू लागले, आणि देशभरातल्या चर्चशी नाते असलेल्या कॉलेजांचे जाळे त्यातून विणले गेले. यामुळे कॅथलिक, बॅप्टिस्ट, मेनोनाइट अशा सगळ्या पंथांच्या अध्यापकांचा इथे राबता झाला. पुढे ख्राइस्ट कॉलेजचे डीन झालेले मेल पील हे इतिहासाचे प्राध्यापक. त्यांचे गाजलेले पुस्तक ‘कॅथलिक वर्कर’ या चळवळीवर आहे. ल्युथरन संस्थेतल्या ऑनर्स कॉलेजच्या प्रमुखाने कॅथलिक मूलगामी चळवळीचा इतिहास लिहावा, हे क्रेट्झमन यांना आवडले असते.

शेवटच्या वर्षाचे चर्चासत्रही वेगळे आहे. त्यात नवे ज्ञान फारसे नाही. आपण कोण, कुठून आलो आणि पुढे काय काम करणार, हे प्रत्येकाने आपल्या आयुष्याच्या गोष्टीतून सांगायचे आणि इतरांनी ऐकायचे. मार्टिन ल्यूथरने चांभाराच्या आणि दाईच्या कामालाही पाद्र्याच्या कामाइतकेच ईश्वरी बोलावणे मानले होते. त्या विचाराचा हा कॉलेजी अवतार. २००६ मध्ये श्वेन आणि डोरथी बास यांनी ‘लीडिंग लाइव्ह्ज दॅट मॅटर’ हा वेच्यांचा संग्रह संपादित केला, त्यात जगण्याविषयीचे आणि कामाविषयीचे असेच प्रश्न आहेत. बावीस वर्षांच्या मुलाला भर वर्गात आत्मचरित्र सांगायला लावणे मराठी मनाला थोडे अवघड वाटेल. तिथेही काहींना वाटत असणारच.

गेली काही वर्षे विद्यापीठाला वाईट गेली. मध्यपश्चिमेत कॉलेजच्या वयाची मुलेच कमी झाली. साडेचार हजारांच्या घरातली विद्यार्थिसंख्या तीन हजारांच्या खाली आली. कायद्याचे कॉलेज बंद झाले. २०२१ मध्ये क्रीडासंघांचे ‘क्रुसेडर्स’ हे नाव काढून ‘बीकन्स’ केले गेले. गंमत म्हणजे ‘क्रुसेडर्स’ हे नावही दुसऱ्या महायुद्धात, १९४२ मध्ये, आधीचे ‘उहलान्स’ हे जर्मन नाव पुसून आले होते. २०२३ मध्ये पहिल्या वर्षाच्या वसतिगृहांच्या दुरुस्तीसाठी विद्यापीठाने आपल्या संग्रहालयातली तीन चित्रे विकायला काढली : जॉर्जिया ओकीफ, फ्रेडरिक चर्च आणि चाइल्ड हॅसम यांची. ओकीफ यांच्या तांबूस टेकड्यांचे ते चित्र १९६२ पासून विद्यापीठाकडे होते. संग्रहालय ज्यांच्या नावाने आहे ते त्याचे संस्थापक-संचालक रिचर्ड ब्राउअर यांनी उतारवयात विरोध केला, प्रकरण कोर्टात गेले, आणि २०२४ मध्ये संग्रहालयाला कुलूप लागले. त्याच वर्षी अनेक विषयांच्या पदव्या चालू ठेवाव्यात की नाही याचा फेरविचार सुरू झाला.

अशा काळात ऑनर्स कॉलेजसमोर एक नवीच अडचण येते. विद्यापीठ आटले तर निवड कशातून करायची? आणि जिथे बाकीचे मानव्य विषय कमी होतात, तिथे ग्रंथ वाचणारा हा एकच कोपरा उरला, तर तो सगळ्या विद्यापीठाच्या वतीने वाचणार की स्वतःपुरता? महाराष्ट्रातही नव्या शैक्षणिक धोरणाने चौथ्या वर्षाची ऑनर्स पदवी आली आहे. तिथे चौथ्या वर्षी कोण थांबणार, कोणत्या गुणांवर थांबणार यावर आपल्या कॉलेजांत बैठका होताहेत. व्हॅल्परेझोचा क्रम उलटा आहे. इथे ऑनर्स पहिल्या वर्षी, पहिल्या आठवड्यापासून सुरू होते, आणि सुरुवातीलाच गुणवंतांच्या हातात ब्रश आणि खिळे दिले जातात. पदवीबरोबर ‘ख्राइस्ट कॉलेज स्कॉलर’ अशी नोंद मिळते, ती पुढच्या सत्रांतले चर्चावर्ग आणि बाकीची पूर्तता झाल्यावर. अभियांत्रिकीच्या मुलांना हे सगळे वेळापत्रकात बसवणे सर्वात जड जाते. तरी ती येत राहिली आहेत.